सौम्य निषेधाचे संगीत आणि साधारणीकरणाचा प्रश्न

(१)

निषेधाचे गीत म्हटले की मराठी रसिकाच्या दृष्टीपुढे प्रथम शाहीर उभा राहतो. डफावरची थाप, तुणतुण्याची अखंड साथ, झीलकऱ्यांनी उचलून धरलेला ‘जी जी’चा घोष आणि समोर मैदानभर पसरलेला समुदाय, असे त्याचे रूप आपल्या मनात रूढ झाले आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी हे रूप लोकमानसात इतके दृढ केले की, जे गीत आवेशाने पेटत नाही ते निषेधाचे गीतच नव्हे, असा एक अलिखित संकेत आपल्या समीक्षेतही शिरला. वीररस हाच निषेधाचा स्वाभाविक रस होय, हे आपण फारसा विचार न करता गृहीत धरीत आलो आहोत.

गेल्या काही वर्षांत मात्र निरनिराळ्या देशांत अशा काही सांगीतिक रचना पुढे आल्या आहेत की, त्यांचा हेतू निषेधाचा असूनही त्यांचा स्वर अत्यंत सौम्य आहे. पृथ्वीचे वाढते तापमान आणि त्यातून उद्भवणारे अनर्थ यांविषयी लोकांत जाणीव उत्पन्न करणे हे त्यांचे प्रयोजन आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी तीन रचनांचा विचार करावयाचा आहे : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा विद्यार्थी डॅनियल क्रॉफर्ड याची २०१३ मधील चेलोवादनाची रचना, इटालियन संगीतकार लुडोविको आयनाउडी यांनी २०१६ मध्ये उत्तर ध्रुवप्रदेशात वाजविलेली पियानोची विलापिका, आणि टी. एम. कृष्णा यांनी २०१७ मध्ये गायिलेले ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे तमिळ गीत. या तिन्ही रचना सौम्य आहेत; पण तिघींची सौम्यता एकच नाही, आणि त्या भेदातच या प्रकाराच्या सामर्थ्याचे व मर्यादेचे मर्म दडलेले आहे, असे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम सौम्यतेची गरजच का भासावी, हे पाहिले पाहिजे. शाहिरी कवनाच्या रचनेत तीन पक्ष स्पष्टपणे वेगळे असतात : गाणारा, ऐकणारा आणि ज्याच्या विरुद्ध गावयाचे तो. गाणारा आणि ऐकणारा एका बाजूस असतात; प्रतिपक्ष मैदानाबाहेर, सत्तेच्या आसनावर असतो. म्हणूनच तेथे आवेश शोभतो आणि सफलही होतो. हवामानाच्या प्रश्नात ही व्यवस्था मोडते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दशलक्ष भागांत कर्बद्विप्राणिलाचे प्रमाण सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. ही भर घालणाऱ्यांत मोठे कारखानदार आणि धोरणे ठरविणारे यांचा वाटा फार मोठा आहे, हे खरेच. तथापि ज्या विजेच्या दिव्याखाली श्रोता बसला आहे, ती वीजही बहुधा कोळशातूनच आलेली असते. श्रोता आणि प्रतिपक्ष येथे अंशतः एकच होतात. अशा श्रोत्यावर थेट दोषारोप केला तर तो स्वतःच्या समर्थनास सरसावतो आणि गीत ऐकणे थांबवितो. सौम्यतेचा उगम येथे आहे. ती आवाजाची पट्टी नव्हे. श्रोत्याशी जोडावयाच्या नात्याची ती एक रीत आहे. श्रोत्याला आरोपी न ठरवता त्याला त्याच्या जागी बसू द्यावयाचे, आणि तरीही त्याला निर्दोष म्हणून सोडून द्यावयाचे नाही, असा हा अवघड तोल आहे. तो कोणत्या रचनेस कितपत साधला, हाच समीक्षेचा प्रश्न होय.

(२)

क्रॉफर्ड याची रचना वरवर पाहता संगीतापेक्षा गणिताच्या अधिक जवळची वाटते. भूगोलाचे प्राध्यापक स्कॉट सेंट जॉर्ज यांच्या सूचनेवरून त्याने १८८० ते २०१२ या काळातील जागतिक सरासरी तापमानाचे वार्षिक आकडे घेतले आणि प्रत्येक वर्षास चेलोवरील एक स्वर दिला. सर्वांत थंड ठरलेल्या १९०९ या वर्षास त्या वाद्याचा सर्वांत खालचा, मोकळ्या तारेचा स्वर मिळाला. सुमारे ०.०३ अंश सेल्सिअस वाढीस एक अर्धस्वर, असे प्रमाण ठरवून सगळा पल्ला तीन सप्तकांत बसविण्यात आला. परिणामी आरंभी खर्जात घुटमळणारे स्वर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू वर सरकू लागतात आणि अखेरीस वाद्याच्या उंच टोकाशी, ताणलेल्या अवस्थेत थांबतात. पुढील काळात अपेक्षित असलेली तापमानवाढ याच प्रमाणाने वाजवावयाची म्हटली, तर ते स्वर मानवी कानाच्या कक्षेबाहेर जातील, असा शेरा चित्रफितीच्या शेवटी येतो.

या रचनेची सौम्यता ही आकड्याची सौम्यता आहे. आकडा कोणावर रागावत नाही. रचनाकाराने कोठेही भावनेचा रंग चढविलेला नाही. त्यामुळे ऐकणाऱ्यास आपली फसवणूक होत आहे असा संशय येत नाही. तापमानाची आलेखरेषा डोळ्यांनी एका दृष्टिक्षेपात पाहता येते व तितक्याच त्वरेने विसरताही येते. स्वरांची मालिका मात्र कालाच्या क्रमाने, वर्षामागून वर्ष अशीच ऐकावी लागते. हवामानातील बदल संथ असतो, हीच त्याच्या आकलनातील मोठी अडचण होय. ती ओळखून, घाई करू न देणारी कला तिच्यापुढे उभी करणे, हे या रचनेचे खरे श्रेय.

तथापि येथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. चढत जाणारा स्वर म्हणजे वाढते संकट, हे समीकरण सर्व कानांना सारखेच पटेल काय? आपल्याकडे ख्याल ऐकण्यात मुरलेला श्रोता आलापाची क्रमाक्रमाने होणारी बढत ऐकतो, तेव्हा तार षड्जाची तो आतुरतेने वाट पाहत असतो. तेथे पोचणे ही त्याच्या दृष्टीने पूर्तता असते, आपत्ती नव्हे. म्हणजे ही रचना निव्वळ आकड्यांचा अनुवाद आहे, हे म्हणणे पूर्णतः खरे नाही. तिच्यातही एका विशिष्ट संगीतपरंपरेचे संकेत निमूटपणे काम करीत आहेत. शीर्षक आणि सोबतचे स्पष्टीकरण काढून घेतले, तर उरते ते चेलोवरील काहीसे अस्वस्थ असे स्वरांचे आरोहण. शिवाय हे तापमान जगाच्या सरासरीचे आहे. सरासरीच्या जगात कोणी राहत नाही. कोणत्या गावचे तळे आटले, कोणत्या किनाऱ्यावर समुद्र आत आला, आणि ही वाढ कोणाच्या कृतीतून झाली, या प्रश्नांना तेथे स्वरच नाही. श्रोता दोषीही ठरत नाही आणि संबंधितही ठरत नाही. तो केवळ माहीतगार होतो.

(३)

आयनाउडी यांची रचना याच्या दुसऱ्या टोकास आहे. जून २०१६ मध्ये ग्रीनपीस या संघटनेच्या ‘आर्क्टिक सनराइज’ या जहाजाने त्यांना नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात नेले. तेथे वालेनबर्गब्रेन या हिमनदीसमोर, लाकडाच्या तीनशेहून अधिक त्रिकोणी तुकड्यांनी बनविलेल्या एका तरंगत्या मंचावर पियानो ठेवण्यात आला. सुमारे दहा मीटर लांबीचा आणि दोन टनांच्या जवळपास वजनाचा हा मंच हिमखंडासारखा दिसावा अशी योजना होती. या ठिकाणी आयनाउडी यांनी आपली ‘उत्तर ध्रुवप्रदेशासाठी विलापिका’ वाजविली. ईशान्य अटलांटिक सागराच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या ओस्पार आयोगाची बैठक त्याच सुमारास भरत होती, आणि ध्रुवीय समुद्राचा काही भाग संरक्षित व्हावा ही मागणी तिच्यापुढे नेणे हा या उपक्रमाचा हेतू होता. त्या बैठकीत हा प्रस्ताव मान्य झाला नाही.

एखाद्या रचनेचे मूल्य तिच्या तात्कालिक यशावरून ठरवू नये, हे तत्त्व मान्य करूनच पुढे जाऊ. ही रचना ऐकताना मन हेलावते, यात संशय नाही. थोड्याच स्वरांची पुनरावृत्ती, हळूहळू भरत जाणारा नाद, आणि मध्येच हिमनदीच्या कड्यावरून तुटून पाण्यात कोसळणाऱ्या बर्फाचा गडगडाट! हा गडगडाट कोणी स्वरलिपीत लिहिलेला नव्हता. ज्याच्याविषयी शोक चालला आहे तोच मध्ये बोलतो, असा तो क्षण आहे, आणि साऱ्या चित्रफितीत तोच सर्वांत प्रत्ययकारी आहे.

आक्षेप आहे तो रचनेच्या जातीविषयी. विलापिका गेलेल्यासाठी असते. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना करुणास निरपेक्ष आणि विप्रलंभास सापेक्ष म्हटले आहे. दोहोंत अश्रू आहेत, दोहोंत चिंता आहे. परंतु करुणात पुनर्मीलनाची अपेक्षाच संपलेली असते, तर विप्रलंभात ती जिवंत असते. हा भेद येथे विलक्षण उपयुक्त ठरतो. हिमनदी वितळत आहे. ती नाहीशी झालेली नाही. उरलेला बर्फ किती काळ टिकेल हे माणसाच्या पुढील कृतीवर पुष्कळसे अवलंबून आहे. म्हणजे प्रसंग सापेक्ष आहे आणि त्यास रस मात्र निरपेक्ष योजिला आहे. शोक एकदा पूर्ण झाला की मनावरचा भार उतरतो. श्रोता डोळे पुसतो, आपण योग्य त्या गोष्टीबद्दल योग्य तितके दुःख केले असे समाधान त्यास लाभते, आणि हिशेब मिटतो. करुणरसाचे हे सामर्थ्य शोकांतिकेत भूषणावह असले, तरी निषेधात ते घातक ठरण्याचा संभव आहे. ज्या कृतीची मागणी करावयाची, तिचीच गरज अश्रूंनी संपविली जाते.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दृश्यात वादकाशिवाय दुसरा मनुष्य नाही. उत्तर ध्रुवप्रदेश हा कोणाच्या वस्तीचा, उपजीविकेचा, नातेसंबंधांचा प्रदेश आहे, असे त्यातून जाणवत नाही. तो एक पांढरा, निर्मनुष्य, उदात्त देखावा आहे. उदात्त वस्तू आपल्या दैनंदिन व्यवहारापासून दूर असते, आणि हेच अंतर तिला उदात्त करते. क्रॉफर्डच्या श्रोत्याजवळ माहिती होती, संबंध नव्हता. आयनाउडींच्या श्रोत्याजवळ भावना आहे. पण संबंध येथेही नाही.

(४)

‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ या गीताकडे वळताना प्रथम शब्दाचाच विचार केला पाहिजे, कारण हे गीत एका शब्दाविषयीच आहे. तमिळमध्ये ‘पुरम्’ म्हणजे बाहेर. ज्या जमिनीवर सारा आकारला जात नाही, जी महसुलाच्या हिशेबाबाहेर राहते आणि म्हणून कोणा एकाच्या मालकीची नसते, ती ‘पोरंबोक्कु’. तळी, ओढे, चराऊ राने, वाटा, स्मशाने, खाडीकाठच्या दलदली या सर्वांचा समावेश तीत होतो. पुढे काळाच्या ओघात या शब्दाचा अर्थ घसरला. ज्यातून महसूल नाही ते निरुपयोगी, आणि जो निरुपयोगी तो ‘पोरंबोक्कु’, अशा क्रमाने तो बोलभाषेत माणसाला द्यावयाची शिवी बनला. जमिनीविषयीचा हिशेबी तुच्छभाव माणसावर कसा येऊन बसतो, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

गीताचे स्थळ चेन्नईच्या उत्तरेकडील एन्नोरची खाडी हे आहे. कोसस्तलैयार नदी येथे समुद्रास मिळते. मिठागरे, खारफुटी आणि मासेमारीच्या जागा यांनी हा प्रदेश भरलेला होता. पुढे कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आणि बंदर येथे उभे राहिले. खाडीचा काही भाग भराव घालून बुजविण्यात आला आणि वीजकेंद्रांची राख पाण्यात साचत गेली. हवामानाच्या प्रश्नाची दोन टोके या ठिकाणी एकत्र येतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकाच भट्टीतून निघणारा वायू आकाशात जातो आणि जगाचे तापमान वाढवितो. तिचीच राख खाडीत उतरते आणि तापमानवाढीमुळे अधिक उग्र होऊ लागलेल्या पावसाचे पाणी सामावून घेण्याची खाडीची शक्ती क्षीण करते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईने पाण्याला वाट न ठेवण्याचे परिणाम भोगले होते. त्यानंतर सुमारे तेरा महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये हे गीत प्रसिद्ध झाले.

पर्यावरण-कार्यकर्ते नित्यानंद जयरामन यांच्या पुढाकाराने झालेल्या या गीताचे शब्द कबेर वासुकी यांचे आहेत, त्यास स्वरसाज आर. के. श्रीरामकुमार यांनी चढविला आणि चित्रीकरण प्रत्यक्ष एन्नोरच्या परिसरात झाले. रचना रागमालिकेची आहे. आनंदभैरवी, बेगडा, देवगांधारी, सिंधुभैरवी इत्यादी राग तीत येतात. भाषा मात्र पंडिती नाही. ती चेन्नईच्या रस्त्यावरील बोली आहे. कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रायः तेलुगू, संस्कृत वा ग्रांथिक तमिळ भाषेतील भक्तिपर कृती ऐकण्याची ज्यांस सवय आहे, त्यांच्या कानांस हा संयोग किती अनपेक्षित वाटला असेल, याची कल्पना करता येईल. आपल्याकडे एखाद्या बुजुर्ग गायकाने यमनाच्या विलंबित बंदिशीत गल्लीतील शिवी मुखड्यावर घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

परंतु या संयोगात थट्टा नाही, आणि हेच त्याचे मर्म. शिवी झटकन उच्चारली जाते. तिचा जोर तिच्या तुटकपणात असतो. रागाच्या चौकटीत आल्यावर त्या शब्दास काल मिळतो. त्याच्या स्वरांना गमकाचे आंदोलन मिळते, ध्रुवपदाच्या निमित्ताने तो पुनःपुन्हा येतो, आणि दरवेळी त्यातील तिरस्काराचा अंश थोडाथोडा गळून पडतो. ज्या आदराने आनंदभैरवीत देवाचे नाव ऐकावयाचे, त्याच आदराने श्रोता नकळत तो शब्द ऐकू लागतो. गीत कोणावर ओरडत नाही. ते एका अपमानित शब्दाला सभेत आसन देते. सौम्यता येथे केवळ स्वभावाचा गुण राहिलेली नाही. ती अर्थ घडविणारी रीत झाली आहे. हेच शब्द आवेशाने, ताशाच्या गजरात म्हटले असते तर ते प्रतिशिवीसारखे वाटले असते. गीताच्या अखेरीस गायक ते विशेषण स्वतःकडे घेतो आणि श्रोत्यासही तेच विचारतो. दोषारोप न करता श्रोत्याला प्रश्नाच्या आत ओढून घेण्याची ही युक्ती आहे. प्रश्न असा नाही की, तू अपराधी आहेस काय. प्रश्न असा आहे की, तू यांपैकीच आहेस की नाहीस?

(५)

आता ज्या तात्त्विक प्रश्नाकडे हा सर्व विचार नेतो, तो मांडता येईल. साधारणीकरणाची चर्चा करताना आपल्या साहित्यशास्त्रकारांनी असे म्हटले आहे की, रसास्वादाच्या क्षणी काव्यातील भाव माझे आहेत, शत्रूचे आहेत किंवा तटस्थाचे आहेत, असा कोणताही संबंधविशेष उरत नाही. आणि ते माझे नाहीत, शत्रूचे नाहीत, असा निषेधही उरत नाही. स्वामित्वाची जाणीव गळून पडते, म्हणूनच आस्वाद शक्य होतो. या उपपत्तीशेजारी पोरंबोक्कु या शब्दाचा मूळ अर्थ ठेवून पाहावा. जे माझे नाही, तुझेही नाही, आणि म्हणूनच सर्वांचे आहे, असाच तो अर्थ आहे. या गीताच्या ध्रुवपदाचा आशयही व्यक्तीचा मालकीहक्क नाकारून गावाचा आणि भूमीचा हक्क सांगण्याचा आहे. म्हणजे कलानुभवात जे मनाच्या पातळीवर घडते, तेच या गीतात जमिनीच्या संदर्भात आशय म्हणून येते. रूप आणि आशय यांचे असे ऐक्य योजून साधणे कठीण. येथे ते साधले आहे.

मात्र एवढ्यावर थांबून चालणार नाही. साधारणीकरणात स्वामित्वाबरोबरच देशकालाचा विशेषही विरून जातो, असे आपले शास्त्र सांगते. शकुंतला कण्वाश्रमातील एक विशिष्ट मुलगी राहत नाही. निषेधास मात्र विशिष्ट स्थळाची निकड असते. एन्नोर विसरून एन्नोरचा निषेध करता येत नाही. मग कला आणि निषेध यांत अंगभूत विरोध आहे काय? वरील तीन रचनांच्या तुलनेतून याचे उत्तर सापडते असे वाटते. क्रॉफर्डच्या रचनेत स्थळाचे साधारणीकरण संपूर्ण झाले आहे; उरली आहे ती जगाची सरासरी. आयनाउडींच्या रचनेत स्थळ डोळ्यांपुढे असूनही ते प्रतीकात विरघळले आहे. वालेनबर्गब्रेनच्या जागी दुसरी कोणतीही हिमनदी चालली असती. ‘पोरंबोक्कु पाडल’मध्ये मात्र स्थळ नावानिशी टिकून राहते आणि विरते ते केवळ स्वामित्व. सौम्य निषेधाच्या संगीतासाठी यातून एक निकष मिळतो : साधारणीकरण व्हावे ते मालकीचे, स्थळाचे नव्हे. जेथे हे उलट घडते, म्हणजे स्थळ विरते आणि ‘हे माझे नाही, दुसऱ्या कोणाचे तरी आहे’ ही भावना मात्र शाबूत राहते, तेथे सौम्यता ही गुंगी आणणारे औषध होते.

(६)

या निकषाविरुद्ध काही आक्षेप संभवतात. पहिला परिणामाविषयीचा. गीताने खाडी वाचली काय? नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुरात तेल वाहून याच खाडीत पसरले, आणि मच्छीमारांच्या नावा व जाळी काळी झाली. गीत ऐकून कोणी वीजकेंद्र बंद केले नाही. तथापि गीताकडून अशी अपेक्षा करणे म्हणजे दीक्षितांच्या अमृतवर्षिणीने एट्टयपुरमला पाऊस पाडला, या आख्यायिकेस संगीताचे नित्य कार्य समजणे होय. त्या कथेत गाणे निसर्गाचे मन वळविते. येथे ते माणसाचे मन वळवू पाहते, आणि माणूस मेघापेक्षा अधिक हट्टी आहे. गीताचे कार्य त्याच्या आवाक्यातले असे एकच आहे : ज्या शब्दाच्या आडून अन्याय चालतो, तो शब्द निरुपद्रवी राहू न देणे. तेवढे या गीताने केले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१७ च्या या गीतात एन्नोरच्या मच्छीमाराचा स्वतःचा स्वर नाही. सभागृहात प्रतिष्ठा पावलेला गायक आपल्या प्रतिष्ठित रागांतून त्याची व्यथा सांगतो. म्हणजे जमिनीवरील वर्चस्वाचा निषेध करताना स्वरांतील वर्चस्व तसेच राहते, असे म्हणता येईल. कृष्णा यांनी कर्नाटक संगीतातील जातीय श्रेष्ठत्वावर स्वतःच कठोर टीका केलेली आहे. तरीही आक्षेप उरतोच. त्याचे संपूर्ण निरसन करता येईल असे वाटत नाही. एवढेच म्हणता येईल की, या गीताचा खरा श्रोता मच्छीमार नाही. त्यास आपली खाडी काय आहे हे गाऊन सांगण्याची गरज नाही. श्रोता आहे तो शहरातील, वीज वापरणारा, मार्गळीच्या महिन्यात कचेऱ्यांना जाणारा रसिक. त्याच्याशी बोलावयाचे तर त्याच्या भाषेत, म्हणजे त्याच्या रागांत बोलले पाहिजे. रंजनातून शिकवण देण्याची ही वाट आपल्याला परकी नाही. तंजावरच्या मराठी परंपरेतून गेलेल्या कीर्तनाने तमिळ हरिकथेस आकार देण्यास हातभार लावला, तोही याच वाटेने. परंतु कीर्तनकार जसा गावातील सर्वांपुढे उभा राहतो तसे हे गीत राहू शकत नाही, ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे.

तिसरा प्रश्न आक्षेपाचा नसून आपल्या स्वतःविषयीचा आहे. हे गीत मराठी अभ्यासकाने ऐकावे ते केवळ शेजारच्या प्रांतातील कुतूहलाची वस्तू म्हणून नव्हे. आपल्या सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराब’ असा एक रकाना असतो. त्यातील ‘अ’ वर्गात लागवडीस अयोग्य जमीन येते. ‘ब’ वर्गात रस्ते, पाऊलवाटा, ओढे, तळी, स्मशाने अशा सार्वजनिक उपयोगाच्या, आकारणी नसलेल्या जमिनी येतात. अर्थाच्या दृष्टीने हा ‘ब’ वर्ग म्हणजे पोरंबोक्कुच होय. आणि शब्द पाहा : सर्वांच्या उपयोगाची जी जमीन, तिला आपण ‘खराब’ म्हणून नोंदविले आहे. तमिळमध्ये शब्द पुढे शिवी झाला. मराठीत शिवी शब्दाच्या पोटातच होती, म्हणून ती कोणाच्या लक्षात आली नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने आपली गिळलेली जागा परत मागितली. त्या जागेपैकी पुष्कळ जागा भराव घालण्यापूर्वी कोणाच्या तरी लेखी अशीच ‘खराब’ होती.

शाहिरी परंपरा आपल्याजवळ आहे आणि ती टाकून द्यावयाची नाही. प्रतिपक्ष समोर असेल तेथे डफ वाजलाच पाहिजे. परंतु जेथे प्रतिपक्षाचा काही अंश आपल्याच घरात दिवा लावून बसला आहे, तेथे दुसऱ्या स्वराची गरज आहे. त्या स्वराने रडवून मोकळे करू नये आणि आकडे सांगून थांबू नये. नाव घेऊन स्थळ सांगावे, मालकी विसरावयास लावावे, आणि भेट अजून शक्य आहे ही विप्रलंभाची अपेक्षा जागी ठेवावी. मराठीत असे गीत लिहिले जाईल तेव्हा त्याचा विषय शोधण्यास कवीला फार दूर जावे लागणार नाही. तलाठ्याच्या दप्तरात तो शब्द त्याची वाट पाहत आहे.